सरकारी प्रसूतिगृहांची तपासणी कोणी करावी?

खासगी प्रसूतिगृहांवर सरकारची देखरेख असावी, ह्याविषयी आता कोणा विचारी मनुष्याचे दुमत राहिलेले नाही. पैसे घेऊन बाळंतपणे करणाऱ्या गृहस्थाने आपल्याकडे खाटा किती, परिचारिका किती, त्यांचे शिक्षण काय, हे सरकारास कळवावे आणि सरकारच्या माणसाने दार ठोठावले असता ते उघडावे, ह्यात जुलूम काहीच नाही. परंतु ज्या प्रसूतिगृहाचा मालक खुद्द सरकारच आहे, त्याचे दार कोणी ठोठवावयाचे? पुण्या-मुंबईच्या वाचकांस हा प्रश्न कदाचित तर्कटाचा वाटेल. कुरखेड्याच्या वाचकांस तो तसा वाटणार नाही. त्या मुलुखातील बाईस बाळंतपणासाठी घराचा उंबरठा ओलांडावयाचा म्हणजे बहुतकरून सरकारच्याच दारी जावयाचे असते.

कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील, सती नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. त्याच्या पलीकडे कोरचीचा डोंगराळ मुलूख, आणि कोरचीपलीकडे छत्तीसगडची हद्द. वस्त्या विरळ, जंगल दाट, आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आले म्हणजे रस्ता आहे की नाही हे नाल्यानेच ठरवावयाचे. अशा ठिकाणी कळा सुरू झालेली बाई प्रथम उपकेंद्रात अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. तेथे निभले नाही तर कुरखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात. तेथेही न निभले तर गडचिरोलीस. 'रेफर केले' हे दोन शब्द ज्या बाईस अक्षरओळख नाही तिलाही आता पाठ झालेले आहेत. ज्यांच्या गाठीस चार पैसे आहेत ते वडसा किंवा ब्रह्मपुरीच्या खासगी दवाखान्याचा रस्ता धरतात. बाकीच्यांस निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. आणि जेथे निवड नाही तेथे गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ह्या धाकाने दुकान सुधारण्याची आशा बाळगणे व्यर्थ होय.

ह्या बायकांस घराबाहेर बोलाविले कोणी, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्या आपण होऊन आल्या नाहीत. पिढ्यान् पिढ्या त्यांची बाळंतपणे घरीच, गावच्या सुइणीच्या हातून होत असत. सरकारने २००५ साली जननी सुरक्षा योजना काढली, दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण बाईने दवाखान्यात बाळंत व्हावे म्हणून ७०० रुपये देऊ केले, गावोगाव आशा नेमल्या, २०११ साली सरकारी दवाखान्यातील बाळंतपण सर्वस्वी मोफत केले, आणि आदिवासी भागांत दिवस भरत आलेल्या बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे म्हणून 'माहेरघर' उभारले. हे सर्व योग्यच झाले. घरच्या बाळंतपणात अडलेली बाई कशी जात असे हे ज्यांनी पाहिले आहे, ते त्या काळाची हळहळ करीत बसणार नाहीत. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० ह्या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण ३३ इतके खाली आले होते, तेव्हा सबंध हिंदुस्थानचे ९७ होते. ह्या उतारात दवाखान्यांचा वाटा नाही असे कोण म्हणेल? पण ज्याने हात धरून घरातून बाहेर आणले, त्याच्यावर पोहोचविण्याची जबाबदारीही येते. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांनी 'येथे या' एवढेच सांगितले नाही. येणारीच्या जिवाचा व अब्रूचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. सरकारने बोलावणे मात्र केले. भाराचा हिशेब कोणास द्यावयाचा, हे ठरविले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मुंबई सरकारने १९४९ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला, आणि त्यात प्रसूतिगृहांचा स्पष्ट शब्दांत समावेश केला. त्या वेळी कुरखेडा मुंबई इलाख्यात नव्हते. चांदा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, तो १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून प्रसूतिगृह चालविणे गुन्हा आहे, आणि अधिकाऱ्यास आत जाऊन पाहण्याचा अधिकार आहे. तो कायदा कित्येक वर्षे कागदावरच राहिला. १९९० च्या सुमारास मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न गेला, तेव्हा खुद्द मुंबई शहरातील खासगी शुश्रूषागृहांची दैना उघडकीस आली. तेथे तशी गत, मग रानातील तालुक्याची काय कथा! पण आमचा आजचा मुद्दा अंमलबजावणीच्या ढिलाईचा नाही. त्याच कायद्यात एक सूट आहे. सरकारने किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेने चालविलेल्या शुश्रूषागृहास हा कायदा लागू नाही. म्हणजे ब्रह्मपुरीतील दहा खाटांच्या खासगी प्रसूतिगृहाने नोंदणी करावी, तपासणी सोसावी, दोष आढळल्यास दंड भरावा. आणि कुरखेडा, कोरची, धानोरा येथे गरिबांची बाळंतपणे ज्या सरकारी दालनांत होतात, त्यांस मात्र ह्या कायद्याने विचारावयाचे नाही. १९४९ साली ही सूट घालणाऱ्यांच्या मनात बहुधा असे असावे, की सरकार स्वतःच्या प्रजेचे अहित करील कसे? नव्या स्वराज्यातील तो भोळा विश्वास क्षम्य होता. आज तो क्षम्य नाही.

भंडाऱ्याची आठवण आमच्या वाचकांस करून द्यावी लागू नये. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षास आग लागली. आत १७ बालके होती; सात वाचली, दहा गेली. काही होरपळून, बाकीची धुराने गुदमरून. ज्या यंत्राने बाळास ऊब द्यावयाची, त्यातच बिघाड होऊन आग लागली असे चौकशीत पुढे आले. इमारतीस अग्निशमन खात्याचे प्रमाणपत्र नव्हते, असेही त्या वेळी प्रसिद्ध झाले. एखाद्या खासगी प्रसूतिगृहाने असे प्रमाणपत्र नसताना कक्ष चालविला असता तर त्याच्या मालकाची गय केली गेली नसती, आणि ते रास्तच झाले असते. येथे मालक सरकार होते. मग काय झाले? जिल्हा शल्यचिकित्सकास निलंबित करण्यात आले, एका अधिकाऱ्याची बदली झाली, आणि काही कंत्राटी कर्मचाऱ्यांस घरी पाठविण्यात आले. रात्रपाळीच्या कंत्राटी परिचारिकेने आपले काम केले किंवा नाही, हा चौकशीचा विषय असू शकेल. पण विजेच्या तारांची तपासणी करून घेणे, धूर बाहेर जाण्याची वाट ठेवणे, ह्यासाठी पैसा मंजूर करणे हे तिच्या हाती होते असे कोणीही म्हणणार नाही. ज्यांच्या हाती होते त्यांच्यापर्यंत शिक्षेचा हात पोहोचता पोहोचता आखूड झाला. विलक्षण योगायोग असा, की त्याच जानेवारी महिन्यात सरकारने खासगी शुश्रूषागृहांसाठी सुधारलेले नियम जारी केले. दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावा, तक्रारीची सोय करा, असे त्यांत फर्माविले. नियम चांगले आहेत. ते ज्याने लिहिले त्याच्या स्वतःच्या घरास तेवढे लागू नाहीत.

कोणी म्हणेल की भंडारा हा अपघात. एका अपघातावरून सिद्धांत काढू नये. तर मुंबईचेच उदाहरण घ्या. २०२४ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस भांडुप येथील महानगरपालिकेच्या प्रसूतिगृहात वीज गेली असता, मोबाइलच्या उजेडात एका तरुण बाईची शस्त्रक्रिया करून प्रसूती करण्यात आली, जनित्र सुरूच झाले नाही, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. बाळ गेले आणि आईही गेली. हे देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेचे प्रसूतिगृह. आणि तेही वर सांगितलेल्या सवलतीप्रमाणे नोंदणीच्या कायद्याबाहेर. जनित्र आठवड्यातून एकदा चालवून पाहा, एवढे सांगणारा बाहेरचा मनुष्य तेथे कायद्याने कधीच येणार नव्हता.

सरकारपक्षाचे ह्यावर एक उत्तर आहे, आणि ते आम्ही डावलू इच्छीत नाही. सरकार म्हणते, आम्ही आमच्या दवाखान्यांची परीक्षा घेतोच. प्रसूतिकक्षांसाठी २०१७ सालापासून 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम आहे; त्यात गुण दिले जातात, प्रमाणपत्रे मिळतात. स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' आहे. ह्या योजनांनी पुष्कळ ठिकाणी प्रसूतिकक्षांचे रूप पालटले, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु त्या परीक्षेस बसावयाचे की नाही हे परीक्षार्थीच्या इच्छेवर आहे, आणि नापास झाल्यास कोणाचेही काही अडत नाही. जो दवाखाना आजारी आहे तो परीक्षेस बसतच नाही, आणि जो बसतो तो बहुधा बरा असतो. शिवाय तपासणारा व तपासून घेणारा एकाच खात्याचे नोकर. जिल्हा शल्यचिकित्सकांनी जिल्ह्याची सरकारी रुग्णालयेही चालवावयाची आणि खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचेही पाहावयाचे! अशा अधिकाऱ्याने स्वतःच्या रुग्णालयाविरुद्ध स्वतःकडे तक्रार नोंदवावी, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाच्या पलीकडची आहे.

कुरखेड्यासारख्या ठिकाणी सुरक्षितता म्हणजे काय, हे मुंबईत बसून सहज ध्यानात येत नाही. फरशी चकचकीत आहे की नाही हे तेथे गौण. प्रसूतीनंतरचा अनावर रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. तो थांबावा म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. आणि ते औषध २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात ठेवावे लागते. पूर्व विदर्भाचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांस सांगावयास नको, की पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला आणि त्यात वीज गेली म्हणजे साध्या कपाटातील औषधाचे काय होते. बाटलीवरची तारीख शाबूत, आतील गुण गेलेला. परिचारिका इंजेक्शन देते, कागदावर 'दिले' अशी नोंद होते, आणि रक्त मात्र थांबत नाही. तेव्हा फ्रिज चालू आहे काय, त्यात तापमापक आहे काय, रोज सकाळ-संध्याकाळ अंश लिहिले जातात काय, ही तीन वाक्ये विचारणारा मनुष्य त्या बाईच्या दृष्टीने भल्यामोठ्या इमारतीपेक्षा मोलाचा. हीच गोष्ट रक्ताची. ह्या जिल्ह्यात सिकलसेलचा आजार पुष्कळ, रक्तक्षयही पुष्कळ. अशा बाईस शस्त्रक्रिया करावी लागली आणि तिच्या गटाच्या रक्ताची पिशवी जवळ नसली, तर शल्यविशारद हजर असूनही हात बांधलेलाच. भूलतज्ज्ञ आहे काय, आणि असल्यास रात्री आहे काय? कागदावरील पद आणि रात्री दोन वाजता उठून येणारा मनुष्य ह्यांत फार अंतर असते. बाळ रडले नाही तर श्वास देण्याची पिशवी हाताशी आहे काय, झटके आलेल्या बाईसाठी मॅग्नेशियम सल्फेट आहे काय, रुग्णवाहिकेचा चालक एकटाच असल्यास तो झोपतो केव्हा, अतिदक्षता कक्षाचे दुसरे दार कुलूपबंद नाही ना? २०२४ साली गडचिरोलीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण त्याने कोरची ते गडचिरोलीचा रस्ता एका कोसानेही कमी झाला नाही.

ह्यातली कोणती उणीव कुरखेड्याच्या रुग्णालयात आहे अथवा नाही, ह्याविषयी आम्ही येथे काहीच म्हणत नाही, आणि तेथील डॉक्टर व परिचारिकांविरुद्ध आमची काही तक्रार आहे असे कोणी समजू नये. अशा ठिकाणी टिकून काम करणारांविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ती उणीव आहे किंवा नाही हे जाणण्याचा कायदेशीर मार्ग तेथील रहिवाशांस नाही.

आमच्या १९४९ च्या कायद्याने ज्या इंग्लंडच्या १९२७ च्या कायद्याचे वळण गिरविले, त्या इंग्लंडाने स्वतःची वाट केव्हाच बदलली. २००९ सालापासून तेथे एक निराळे तपासणी मंडळ आहे. ते सरकारी व खासगी दोन्ही रुग्णालयांत जाते आणि काय आढळले ते जगजाहीर करते. इतके करूनही श्रूजबरी व टेलफर्डच्या सरकारी रुग्णालयांतील प्रसूतिविभागात वर्षानुवर्षे घोर चुका होत राहिल्या. मुले गमावलेल्या आईबापांनी नेट धरला म्हणून बाहेरच्या व्यक्तीकडून चौकशी झाली. आणि २०२२ च्या अहवालात असे निघाले, की योग्य शुश्रूषा झाली असती तर २०१ बालके बहुधा वाचली असती. ज्या देशात तपासणीस आहे तेथे हे घडते; मग जेथे तो मुळीच नाही तेथील आकडा कोणी मोजावा? आमच्याकडेही केंद्र सरकारचा २०१० चा वैद्यकीय आस्थापनांचा कायदा आहे, आणि त्याच्या कक्षेत सैन्यदलाचे दवाखाने वगळता सरकारी दवाखानेही येतात. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

आता खरी अडचण. खासगी प्रसूतिगृह सदोष आढळले तर त्याची नोंदणी रद्द करता येते. कुरखेड्याचे रुग्णालय सदोष आढळले तर काय करावयाचे? कुलूप लावावयाचे? मग बायकांनी जावे कोठे? हा आक्षेप पोकळ नाही, आणि शहरी सुधारकांनी तो नीट समजून घ्यावा. रानात तपासणीचे शस्त्र बंदीचा हुकूम हे असूच शकत नाही. तेथे शस्त्र म्हणजे उघडी, तारखेसह लिहिलेली उणिवांची यादी. प्रत्येक उणिवेपुढे ती कोणी भरून काढावयाची त्या अधिकाऱ्याचे पद आणि मुदत लिहावी. मुदत टळली तर जाब रुग्णालयातील परिचारिकेस विचारू नये, ज्याच्या टेबलावर मागणीचा कागद पडून राहिला त्यास विचारावा. भंडाऱ्यास शिक्षा खाली घसरत गेली. ही यादी तिला वर ढकलील.

ती यादी करणारे हात कोठून आणावयाचे, असे विचारणारांनी कुरखेड्याचाच इतिहास पाहावा. ह्याच गावी १९८४ पासून 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था काम करीत आहे. २००७ साली राज्यातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, ती पुढे गडचिरोलीपर्यंत आली, आणि त्या कामात ह्या संस्थेचा हात होता. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्रास हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यावयाचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलावयाचे, अशी ती रीत. तिला कायद्याचे बळ नव्हते. निधी येईल तोवर चालावयाचे, एवढेच तिचे आयुष्य. तिला ते बळ द्या. कुरखेडा-कोरचीच्या ग्रामसभा वनहक्काच्या कायद्यान्वये तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करतात, लाखोंचे हिशेब ठेवतात. ज्या बाया पुड्यांचा हिशेब ठेवतात, त्यांस फ्रिजवरचे अंश वाचता येणार नाहीत असे समजणे हा त्यांचा अपमान आहे. तपासणी पथकात एक बाहेरचा स्त्रीरोगतज्ज्ञ, एक अनुभवी परिचारिका, विजेचे काम जाणणारा एक मनुष्य आणि ग्रामसभेने पाठविलेली एक बाई असावी. त्यांनी न कळविता यावे, रात्रीही यावे. आणि जे आढळेल ते मराठीत लिहून रुग्णालयाच्या दारावर लावावे आणि गावच्या सभेत गोंडीतून वाचून दाखवावे.

मोजणीचे महत्त्व ह्या जिल्ह्यास दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. डॉ. अभय व राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटविले. १९९९ साली ते काम लॅन्सेटमध्ये छापले गेले. ते शक्य झाले, कारण प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू सरकारी वहीवर न विसंबता मोजला गेला. पुढे २००१ साली राज्यातील अनेक संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला, तेव्हा सरकारी वहीत किती बालमृत्यू उतरतच नाहीत हे दिसून आले. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसला १८४७ साली हात धुण्याचे महत्त्व उमगले, त्याचेही मूळ वहीतच होते: डॉक्टरांच्या कक्षातील बाळंतिणी सुइणींच्या कक्षापेक्षा दुपटीहून अधिक मरत, हे दोन्ही कक्षांचे आकडे निरनिराळे लिहिलेले होते म्हणूनच दिसले.

मातामृत्यूचे अन्वेषण आपल्याकडेही होते. समित्या बसतात, कागद भरले जातात, आणि ते कपाटात जातात. केरळात प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ सालापासून हीच गोष्ट वेगळ्या रीतीने चालविली आहे. बाईचे, डॉक्टरचे व दवाखान्याचे नाव गाळून प्रत्येक मृत्यूची छाननी करावयाची आणि निष्कर्ष छापून सर्व डॉक्टरांच्या हाती द्यावयाचे. नाव न घेतल्यामुळे माणसे खरे बोलतात. छापल्यामुळे ते खरे उपयोगी पडते. गडचिरोलीत वर्षातून एकदा असे दहा पानांचे पुस्तक निघाले, तर त्यास छपाईचा खर्च किती येणार?

सबब आमची मागणी फार मोठी नाही. २०१० चा कायदा राज्याने स्वीकारावा. तो स्वीकारावयाचा नसेल तर १९४९ च्या कायद्यातील सरकारी प्रसूतिगृहांस मोकळे सोडणारी सूट विधिमंडळाने काढून टाकावी, आणि तपासणी आरोग्य खात्याच्या बाहेरील मंडळाकडे द्यावी. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा ह्या जिल्ह्यांच्या आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, हे विधेयक एकत्र आणावे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन त्यांच्या घराजवळच भरते. तोवर कुरखेड्याच्या ग्रामसभांनी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. येत्या पावसाळ्यात सतीला पूर येण्यापूर्वी जनित्र शेवटचे केव्हा चालवून पाहिले, फ्रिजचे अंश कोणी लिहिले, आणि रस्ता तुटल्यास कोरचीच्या बाळंतिणीस कोणत्या वाटेने आणावयाचे ठरले आहे, ही तीन उत्तरे त्यांनी रुग्णालयाकडे लेखी मागावीत.